आज मॅच नाही

१९३० साली ब्युनोस आयर्सहून माँटेव्हिडिओला जायचं तर रात्रीची आगबोट धरायची, हा शिरस्ता होता. रिओ दे ला प्लाता म्हणायला नदी, पण मुखाशी तिचं पात्र एवढं पसरलेलं की या काठावरून तो काठ दिसत नाही. पहिल्यावहिल्या फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य सामने २६ आणि २७ जुलैला झाले आणि अर्जेंटिना व उरुग्वे हे दोन तीरांवरचे शेजारी अंतिम फेरीत पोचले. अंतिम सामना बुधवारी, ३० तारखेला. मधले दोन दिवस माँटेव्हिडिओच्या मैदानावर काहीच नव्हतं. धांदल होती ती समोरच्या तीरावर, ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर. नेहमीच्या बोटी पुरेनात, तेव्हा जादा बोटी सोडल्या गेल्या, आणि ‘विजय किंवा मृत्यू’ अशा आरोळ्या ठोकत हजारो लोक निघाले. ऐन वेळी नदीवर धुकं उतरलं. काही बोटी त्यात अडकल्या आणि त्यांतली माणसं माँटेव्हिडिओला उतरली तेव्हा सामना संपलेला होता. उरुग्वेनं तो ४-२ असा जिंकलेला होता.

जे वेळेत पोचले त्यांची स्टेडियमच्या दारात शस्त्रांसाठी झडती झाली. बेल्जियन पंच जॉन लँगेनस यांनी आधीच अट घातली होती, की सामना संपल्यावर तासाभरात निघता येईल अशी बोट बंदरात तयार हवी.

विश्वचषकाचा इतिहास सामन्यांच्या तारखांनी लिहिला जातो. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, हे शंभर ठिकाणी सापडतं. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसाची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. वास्तविक संघामागे परमुलखात गेलेल्या माणसाचे बहुतेक दिवस बिनसामन्याचेच असतात. महिनाभराच्या मुक्कामात त्याचा संघ फार तर सात-आठ वेळा मैदानात उतरतो. उरलेले दिवस तो असतो रस्त्यांवर, गाड्यांमध्ये, अनोळखी गावच्या चौकात. हे दिवस त्याच्यासाठी म्हणून कोणी राखलेले नव्हते. कधी जहाजांच्या वेगानं ते ठरवले, कधी खेळाडूंच्या थकलेल्या पायांनी, कधी चर्चनं, आणि एकदा तर कुत्र्यांच्या शर्यतीनंही त्यात हात घातला. पण यजमान गाव आणि पाहुणा यांची खरी ओळख होते ती याच दिवशी, असं गेल्या ९०-९५ वर्षांकडे पाहिलं की दिसतं.

पहिल्या स्पर्धेत तर विश्रांती खेळाआधीच भरपूर झाली होती. युरोपातून चारच संघ यायला तयार झाले. त्यांतले फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानिया ‘काँते व्हेर्दे’ या इटालियन जहाजानं आले. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे हेही त्याच जहाजावर होते आणि चषक त्यांच्या सामानात होता. दोन आठवडे समुद्रावर. खेळाडू डेकवर धावत, व्यायाम करत. चेंडूनं मोकळेपणी खेळायला तिथे जागा कुठली? वाटेत रिओहून ब्राझीलचा संघ चढला आणि ४ जुलैला जहाज माँटेव्हिडिओला लागलं. (हेच ‘काँते व्हेर्दे’ पुढे तिसाच्या दशकात इटली-मुंबई-शांघाय या मार्गावर आलं. मुंबईकरांनी बंदरात पाहिलेल्या या बोटीनं जगातला पहिला फुटबॉल विश्वचषक वाहून नेला होता, हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल! नाझींच्या तावडीतून निसटलेले कितीतरी ज्यू याच बोटीनं मुंबईवरून शांघायला गेले.)

त्या स्पर्धेत अठरा दिवसांत अठरा सामने झाले. अर्जेंटिनाचा कर्णधार मान्युएल फरेरा यानं मधल्या दिवसांचा केलेला उपयोग सांगण्यासारखा आहे. विद्यापीठाची परीक्षा द्यायला तो नदी ओलांडून घरी गेला. त्याच्या गैरहजेरीत १९ जुलैला मेक्सिकोविरुद्ध गियेर्मो स्ताबिले नावाच्या नवख्याला संघात घेतलं. स्ताबिलेनं त्याच सामन्यात तीन गोल केले आणि स्पर्धा संपली तेव्हा आठ गोलांसह तो सर्वांत पुढे होता.

परीक्षा देऊन परत येता आलं, कारण घर एका रात्रीच्या अंतरावर होतं. युरोपातल्या सामान्य पाठीराख्यानं तर असा विचारही करायची सोय नव्हती. जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस आणि मध्ये तीन आठवडे, एवढी रजा देणारा मालक कुठे होता?

रजेचा हा मुद्दा फुटबॉलच्या पुस्तकांत फारसा येत नाही, पण सगळं त्यावर अडलेलं होतं. परगावी सामना नसलेला दिवस काढायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची, वर खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च. फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळाली १९३६ च्या जूनमध्ये, मोठ्या संपानंतर. ब्रिटनमध्ये भरपगारी रजेचा कायदा झाला १९३८ साली. त्याआधी कामगारानं सामन्याला जायचं म्हणजे शनिवारी दुपारी सुटायचं आणि सोमवारी पहाटे भोंग्याला हजर व्हायचं. स्कॉटलंडच्या कामगारांनी यावरही तोड काढली होती. इंग्लंड-स्कॉटलंड सामना दोन वर्षांतून एकदा लंडनच्या वेम्बलीवर होई. त्यासाठी कारखान्याकारखान्यांत, दारूच्या गुत्त्यांत ‘वेम्बली क्लब’ असत. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे, दोन वर्षं ते साठवायचे आणि मग खास आगगाड्या भरभरून लंडन गाठायचं. आपल्याकडच्या भिशीची आठवण यावी असाच तो प्रकार. सामना दीड तासाचा. दोन वर्षांची बचत खर्च व्हायची ती त्याच्या आगेमागच्या लंडनमधल्या वेळात.

१९३४ ची इटलीतली स्पर्धा बादफेरीची होती. हरला तो घरी. ब्राझील आणि अर्जेंटिना अटलांटिक ओलांडून आले, एकेक सामना खेळले आणि परतले. मेक्सिकोच्या नशिबी तेवढंही नव्हतं: स्पर्धेच्या तीन दिवस आधी रोममध्ये अमेरिकेशी पात्रता सामना झाला, तो ते हरले आणि मुख्य स्पर्धेत पाऊल न टाकता मायदेशी गेले. नेदरलँड्सचे लोक रोमला जायची गाणी म्हणत निघाले होते. त्यांचा संघ मिलानमध्येच स्वित्झर्लंडकडून २-३ असा हरला.

खेळाडूंच्या विश्रांतीचं त्या काळी किती मोल होतं, ते फ्लॉरेन्समध्ये दिसलं. ३१ मे १९३४ रोजी इटली आणि स्पेन यांचा सामना जादा वेळेनंतरही १-१ असा बरोबरीत सुटला. पेनल्टींवर निकाल लावायची पद्धत तेव्हा नव्हती. सामना पुन्हा खेळायचा ठरला आणि तो दुसऱ्याच दिवशी, १ जूनला. पहिल्या दिवशीच्या धसमुसळेपणात दोन्हीकडचे खेळाडू जायबंदी झालेले. स्पेनचा नामांकित गोलरक्षक रिकार्दो झामोरा दुसऱ्या दिवशी उतरूच शकला नाही. इटली १-० असा जिंकला आणि ३ जूनला मिलानमध्ये ऑस्ट्रियाशी उपांत्य सामना खेळला. चार दिवसांत तीन सामने! आजचा कुठलाही प्रशिक्षक हे वेळापत्रक पाहून संघ मैदानात उतरवणार नाही.

इंग्लंडमध्ये १९६६ साली विश्रांतीचा दिवस पंचांगानंच ठरवून ठेवलेला होता. तो म्हणजे रविवार. तिथे १७८० चा एक कायदा लागू होता, ज्यानुसार रविवारी पैसे घेऊन करमणुकीचे कार्यक्रम करता येत नसत. फुटबॉल असोसिएशनचाही रविवारच्या खेळाला जुना विरोध होता. त्यामुळे ११ ते ३० जुलै एवढी ती विश्वचषक स्पर्धा चालली, पण १७ आणि २४ जुलै या दोन्ही रविवारी देशात कुठेही सामना नव्हता. ब्राझील, चिली, मेक्सिको, इटलीहून आलेल्यांच्या घरी रविवार म्हणजे फुटबॉलचाच वार. इथे रविवारी दुकानं बंद, गुत्ते मोजके तास उघडे आणि मैदानं सुनी. हा कायदा किती चिवट होता ते पुढे १९७४ च्या जानेवारीत दिसलं. वीजटंचाईमुळे रविवारी सामने घ्यायची वेळ आली तेव्हा क्लबांनी प्रवेश फुकट ठेवला आणि दारात तिकिटाच्या किमतीला कार्यक्रमपत्रिका विकली.

हा इंग्रजी रविवार मराठी वाचकाला दुसऱ्या वाटेनं ओळखीचा आहे. कसोटी क्रिकेटमधला विश्रांतीचा दिवस त्याच घरातून आला. पाच दिवसांच्या कसोटीला सहा दिवस लागायचे, आणि मधल्या दिवशी वर्तमानपत्रांत खेळाडूंनी कुठे जेवण घेतलं त्याच्या बातम्या यायच्या. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर झालेल्या भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटीत हा दिवस १६ तारखेला, म्हणजे पहिल्याच दिवसाच्या खेळानंतर ठेवला होता, कारण त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. देवाच्या वाराच्या जागी मुंबईत ग्रहण आलं, एवढाच काय तो फरक.

१९६६ मध्ये वेम्बलीच्या मालकांपुढे मात्र विश्वचषकाचंही काही चाललं नाही. तिथे शुक्रवारी संध्याकाळी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती ठरलेल्या असत आणि त्यांवर मोठी पैज लागे. १५ जुलैच्या शुक्रवारी उरुग्वे-फ्रान्स सामना होता. शर्यत रद्द करायला मालक तयार होईनात. शेवटी सामनाच शहरातल्या दुसऱ्या, व्हाइट सिटी स्टेडियमवर हलवला गेला. उरुग्वे २-१ जिंकला. कुत्रे ठरल्या वेळी वेम्बलीवर धावले.

इंग्लंडच्या खेळाडूंचे मोकळे दिवस लेखी सापडतात. उरुग्वेशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना पाइनवुड चित्रपट स्टुडिओत नेलं, तिथे शॉन कॉनरीची भेट झाली. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री सगळे हेंडनच्या चित्रपटगृहात पिक्चर पाहायला गेले. पण त्या स्पर्धेतला मधल्या दिवसांचा खरा इतिहास लंडनपासून फार लांब, ईशान्य किनाऱ्यावरच्या मिडल्सब्रोमध्ये घडला.

मिडल्सब्रो म्हणजे पोलाद आणि रसायनांचं गाव. सामने खरं तर न्यूकॅसलला व्हायचे होते. तिथल्या मैदानाच्या भाडेपट्ट्यावरून वाद झाला म्हणून ते या गावच्या एअरसम पार्कवर आले. गावचा स्वतःचा संघ त्याच वर्षी तिसऱ्या श्रेणीत घसरलेला. आणि वाट्याला आला उत्तर कोरिया, ज्या देशाला ब्रिटिश सरकारची मान्यताही नव्हती. कोरियन युद्धात ब्रिटिश सैनिक ज्यांच्याविरुद्ध लढले होते, त्यांच्या देशाचा संघ तेरा वर्षांनी पाहुणा म्हणून आलेला. १२ जुलैला सोव्हिएत संघाकडून तो ०-३ हरला, १५ तारखेला चिलीशी शेवटच्या मिनिटांत १-१ बरोबरी साधली. मग १६, १७, १८ असे तीन दिवस मोकळे.

या मधल्या दिवसांत गाव आणि संघ एकमेकांना सरावले. बुटक्या चणीचे, सतत धावणारे हे खेळाडू लाल जर्सी घालत, आणि लाल हा मिडल्सब्रोचाही रंग. सरावाला मुलं येऊन उभी राहत, सह्या घेत. भाषा एकमेकांना काडीची कळत नव्हती. १९ जुलैला पाक दू-इकनं ४२ व्या मिनिटाला गोल केला आणि दोन वेळचा जगज्जेता इटली स्पर्धेबाहेर पडला. इटालियन संघाचं जिनोव्हाच्या विमानतळावर टोमॅटो फेकून स्वागत झालं.

आता उपांत्यपूर्व सामना २३ जुलैला लिव्हरपूलमध्ये, पोर्तुगालशी. उत्तर कोरियाच्या मंडळींनी तिथे राहण्याची सोयच केलेली नव्हती. इटलीनं मात्र आपण पुढे जाणार हे गृहीत धरून रेनहिलच्या लोयोला हॉलमध्ये, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या साधनागृहात, खोल्या राखून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्या झाल्या आणि कोरियन संघ तिथे उतरला. साम्यवादी देशातून आलेल्या या तरुणांनी क्रुसावर खिळलेला, रक्तानं माखलेला येशू कधी पाहिलेला नव्हता. रात्री खोल्यांमधल्या आणि जिन्यांवरच्या त्या मूर्तींची धडकी भरत असे, असं त्यांतल्या काहींनी म्हातारपणी माहितीपटाच्या कॅमेऱ्यापुढे सांगितलं. मोठ्या सामन्याआधीची विश्रांती त्यांच्या वाट्याला अशी आली.

आणि मिडल्सब्रोचे सुमारे ३ हजार लोक पदरचे पैसे खर्चून, देश आडवा ओलांडून लिव्हरपूलला गेले, उत्तर कोरियाला पाठिंबा द्यायला. पहिल्या पंचवीस मिनिटांत कोरिया ३-० असा पुढे होता. मग युसेबियोनं चार गोल केले आणि पोर्तुगाल ५-३ जिंकलं. एखाद्या गावानं दहा-बारा दिवसांच्या शेजारावर एवढा जीव लावल्याचं दुसरं उदाहरण विश्वचषकात सहज सापडत नाही. २००२ मध्ये त्या संघातले हयात असलेले सात जण पुन्हा मिडल्सब्रोला आले. एअरसम पार्क तोवर पाडून तिथे घरं झाली होती. पाक दू-इकनं जिथून गोल मारला त्या जागी, वस्तीतल्या गवतात, बुटाच्या खिळ्यांचा ब्राँझचा ठसा बसवलेला आहे.

मधला दिवस प्रतिस्पर्ध्याची झोप उडवायलाही वापरता येतो, हे १९७० साली मेक्सिकोत दिसलं. ग्वादालाहारामध्ये ७ जूनला इंग्लंड-ब्राझील सामना होता. आदल्या रात्री इंग्लंडच्या हॉटेलखाली जमलेल्या लोकांनी भोंगे वाजवून आणि घोषणा देऊन पहाटेपर्यंत खेळाडूंना डोळा लागू दिला नाही. खेळाडूंना खोल्या बदलून घ्याव्या लागल्या. ब्राझील १-० जिंकला.

जेट विमानं आणि भरपगारी रजा दोन्ही हाताशी आल्यावर परदेशी पाठीराखे हजारोंनी येऊ लागले आणि बिनसामन्याचा दिवस यजमान शहरांना भेडसावू लागला. स्टेडियममध्ये कुंपणं होती, पोलीस होते, बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. शहरातल्या चौकात यातलं काही नव्हतं. १९९८ मध्ये मार्सेयला इंग्लंड-ट्युनिशिया सामना सोमवारी, १५ जूनला होता. दंगल पेटली ती रविवारी, जुन्या बंदराच्या परिसरात. २०१६ च्या युरो स्पर्धेत त्याच शहरात ११ जूनच्या इंग्लंड-रशिया सामन्याआधीच मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या. ऊन, दारू, हाताशी काही काम नाही आणि भोवती फक्त पोलीस: असा दिवस चिघळायला वेळ लागत नाही.

सरकारांनी यावर बहुतेक वेळा बंदीचा मार्ग धरला. १९९० मध्ये इटलीनं सामन्याच्या दिवशी यजमान शहरांत दारूविक्री थांबवली. इंग्लंडचे साखळी सामने सार्डिनिया बेटावर ठेवले गेले, म्हणजे मधल्या दिवसांत त्यांचे लोक देशभर पसरणार नाहीत. पण त्याच बेटावर पाठीराख्यांच्या बाजूनं एक वेगळी गोष्ट सुरू झाली. हेझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर १९८५ साली लिव्हरपूलमध्ये ‘फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन’ स्थापन झाली होती. तिच्या कार्यकर्त्यांनी बेटावरच्या कालियारी शहरात आपल्या लोकांसाठी चक्क एक ‘वकिलात’ उघडली. पासपोर्ट हरवला, खिसा कापला गेला, रात्री टेकायला जागा नाही, पुढच्या गावी जाणारी बोट कधी आहे, अशा गोष्टींसाठी आपल्याच भाषेत बोलणारं माणूस एका टेबलामागे बसलेलं. पोलिसांशी बोलणारं आणि पोलिसांच्या वतीनं न बोलणारं. पुढच्या स्पर्धांमध्ये इतर देशांच्या पाठीराख्यांनीही अशा वकिलाती थाटल्या आणि आता युरोपातल्या मोठ्या स्पर्धांत त्या गृहीतच धरल्या जातात. मधल्या दिवसाच्या इतिहासात याहून मोलाची सुधारणा दुसरी नसेल. ती सुचली ती स्वतः रस्त्यावर रात्री काढलेल्या माणसांना.

त्याच वर्षी आयर्लंड पहिल्यांदाच विश्वचषकात खेळत होता. कालियारी, पालेर्मोत दोन सामने, जिनोव्हा आणि मग रोम, असा त्यांचा बेटाबेटांतून वर सरकणारा प्रवास झाला. एकही सामना निर्धारित वेळेत न जिंकता ते उपांत्यपूर्व फेरीत गेले! २५ जूनला रुमानियाला पेनल्टींवर हरवल्यावर ३० जूनच्या इटलीविरुद्धच्या सामन्यापर्यंत चार दिवस होते. त्यात अख्खा संघ व्हॅटिकनला जाऊन पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटला. पोप तरुणपणी पोलंडमध्ये गोलरक्षक म्हणून खेळलेले. इकडे पाठीराखे मात्र रजा वाढवून घेण्यासाठी आणि पैसे मागवण्यासाठी घरी फोन लावत होते, कारण संघ एवढा टिकेल असा हिशेब फारसा कोणी केलेलाच नव्हता.

स्कॉटलंडची गोष्ट उलटी. त्यांचा संघ विश्वचषकात किंवा युरो स्पर्धेत पहिल्या फेरीच्या पुढे कधीच गेलेला नाही. एकेकाळी त्यांच्या पाठीराख्यांची ख्यातीही चांगली नव्हती. १९७७ मध्ये वेम्बलीवर जिंकल्यावर त्यांनी मैदानात घुसून गोलचा खांब मोडला होता. पुढच्या पंधरा वर्षांत ‘टार्टन आर्मी’ म्हणवणाऱ्या या मंडळींनी स्वतःला असं बदललं, की १९९२ च्या स्वीडनमधल्या युरो स्पर्धेत त्यांच्या वागणुकीचा गौरव झाला. १९९८ मध्ये बोर्दोला नॉर्वेच्या लोकांबरोबर त्यांनी शहरभर घागरेवजा किल्ट घालून नाचगाणी केली. १९९९ मध्ये बोस्नियातल्या सामन्यासाठी ते सारायेवोला गेले. युद्ध संपून चार वर्षं झाली होती. तिथली मुलं पाहून आलेल्यांनी पुढे ‘सनशाइन अपील’ नावानं निधी उभा केला. तेव्हापासून परदेशी सामन्याला गेलं की तिथल्या मुलांच्या एखाद्या रुग्णालयाला, अनाथाश्रमाला, अपंगांच्या शाळेला देणगी द्यायची. किल्ट घातलेले चार-पाच जण सामन्याआधी किंवा मधल्या दिवशी त्या संस्थेत जातात, पिशवीतून बॅगपाइप काढून मुलांना वाजवून दाखवतात आणि रक्कम सुपूर्द करतात. एखाद्या स्पर्धेपुरतं नव्हे, दरवेळी. अशी प्रथा दोन दशकांहून अधिक काळ टिकते, याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

२००६ मध्ये जर्मनीनं पाहुण्यांना चौक मोकळे करून दिले. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढच्या रस्त्यावर मोठे पडदे लागले, बारा यजमान शहरांत तशीच सोय झाली, आणि तिकीट नसलेल्या माणसालाही स्पर्धेत जागा मिळाली. (यामागे २००२ मध्ये सोलच्या रस्त्यांवर उतरलेल्या लाल जर्सीतल्या लोकांच्या सागराचा धडा होता.) २००८ मध्ये युरो स्पर्धेसाठी बर्नला आलेल्या डच लोकांनी अख्खं गाव केशरी केलं आणि मधल्या दिवशी स्थानिकांसारख्या आरे नदीत उड्या घेतल्या. फिफानं मात्र या मोकळ्या चौकांना पुरस्कर्त्यांचे फलक, ठरावीक कंपनीची बिअर आणि कुंपणाचा वेढा घातला. चौक उघडले हे चांगलंच झालं. पण सरबराई कंत्राटावर गेली की पाहुणा गावातल्या खानावळीत शिरेनासा होतो, आणि तेवढी ओळख कमी होते.

रशियात २०१८ मध्ये मधला दिवस रेल्वेत गेला. सामन्याचं तिकीट आणि फॅन आयडी असलेल्यांना यजमान शहरांमध्ये खास गाड्यांतून फुकट प्रवास होता. पेरूचा संघ ३६ वर्षांनी विश्वचषकात आलेला, त्यामागे लिमाहून हजारो लोक. सामने १६ जूनला सारान्स्क, २१ जूनला येकातेरिनबुर्ग आणि २६ जूनला सोची: पहिल्या टप्प्याचं अंतर सरळ रेषेत हजार किलोमीटर, दुसऱ्याचं दोन हजारांच्या वर. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा उभा बंब, डब्याची देखरेख करणारी बाई गणवेशात, आणि चहा काचेच्या पेल्यात. पेला बसवलेला असतो धातूच्या नक्षीदार, कानाच्या साच्यात, म्हणजे बोटं भाजत नाहीत आणि गाडीच्या हेलकाव्यात तो कलंडत नाही. स्पॅनिश बोलणारे पाहुणे आणि रशियन बोलणारी बाई यांच्यात खुणांनीच सगळं चाले. दोन सामने हरून पेरू बाहेर पडला होता, तरी लोक सोचीला गेले आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा २-० असा विजय पाहून परतले. व्होल्गोग्राडला आलेल्यांपुढे तर मामायेव टेकडी होती, स्टेडियम अगदी तिच्या पायथ्याशी; स्टालिनग्राडच्या लढाईत पडलेल्या हजारोंची कबर आणि वर ८५ मीटर उंचीचा मातृभूमीचा पुतळा. फुटबॉलच्या जर्सीत आलेली माणसं तिथे टोप्या काढून, पायऱ्या चढत वर जात होती.

२०२२ मध्ये कतारनं अंतरच पुसून टाकलं. आठही स्टेडियम दोहाच्या आसपास, मेट्रो फुकट, एका दिवसात दोन सामने पाहता येतील अशी रचना. २० नोव्हेंबर ते ६ डिसेंबर सलग सतरा दिवस रोज सामना होता. पहिला रिकामा दिवस ७ डिसेंबरला उजाडला. ती स्टेडियम ज्यांनी बांधली त्या भारतीय, नेपाळी, बांगलादेशी कामगारांचं पंचांग वेगळं होतं. त्यांचा सुटीचा दिवस शुक्रवार. औद्योगिक वसाहतीलगतच्या एशियन टाउनमध्ये, क्रिकेटच्या स्टेडियमवर, त्यांच्यासाठी मोठा पडदा लावलेला होता. तिथे सर्वांत मोठी गर्दी अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या जर्सींची असायची, आणि त्या घालणाऱ्यांत केरळ आणि बंगालची मुलं पुढे. हजारो मैलांवरून आलेल्यांना मधला दिवस होता. यांना तो मिळाला आठवड्यातून एकदा, आणि तोही सामन्याच्या तिकिटाविना.

२०२६ च्या वेळापत्रकात ४८ संघ, १०४ सामने, तीन देशांतली सोळा शहरं. ११ जून ते ७ जुलै असे सलग २७ दिवस रोज कुठे ना कुठे सामना आणि पहिला रिकामा दिवस ८ जुलै. १९३० किंवा १९६६ मध्ये अख्खी स्पर्धा थांबायची, सगळ्या देशांचे लोक एकाच वेळी मोकळे व्हायचे, तो सामायिक दिवस आता शेवटच्या टप्प्यापुरता उरला. हे नुकसान आहे, आणि ते केवळ दूरचित्रवाणीच्या पैशासाठी झालं आहे. उरला तो प्रत्येक संघाचा आपापला मधला दिवस. २८ वर्षांनी पात्र ठरलेल्या स्कॉटलंडचे साखळी सामने आहेत १३ आणि १९ जूनला बॉस्टनजवळ, हैती आणि मोरोक्कोशी, आणि २४ जूनला मायामीत ब्राझीलशी. मोरोक्को आणि ब्राझील १९९८ मध्येही त्यांच्याच गटात होते. पहिल्या दोन सामन्यांच्या मध्ये त्यांना बॉस्टनमध्ये पाच दिवस मोकळे मिळतात, आणि मग दोन हजार किलोमीटर दक्षिणेला जायचं.